पुंडलिकाच्या दारात कोण उभे आहे?



आपल्या जयघोषात सर्वांत आधी नाव कोणाचे येते, हे आपल्याला ठाऊकच आहे. विठ्ठलाचे नाव मागाहून येते, आधी पुंडलिकाचे. पंढरीला पोहोचल्यावरही आपण चंद्रभागेत स्नान करतो, वाळवंटातल्या पुंडलिकाच्या देवळात माथा टेकतो आणि मग महाद्वाराची वाट धरतो. या पुंडलिकाने असे कोणते तप केले होते? कोणता यज्ञ केला होता? तो घरात बसून म्हाताऱ्या आईबापाचे पाय चेपत होता. तेवढ्या पुण्याईवर त्याचे नाव देवाच्या आधी लागले.

ही कथा आपण शेकडो कीर्तनांतून ऐकली आहे. आधी आईबापाला हिडीसफिडीस करणारा पुंडलिक, मग कुक्कुटस्वामींच्या आश्रमात उघडलेले त्याचे डोळे, मग ती सेवा आणि दारात आलेला देव. कीर्तनकार सेवेची थोरवी गातात, आपण मान डोलावतो. पण या कथेत देव कसा वागला, तेही नीट पाहिले पाहिजे. पुंडलिकाने थांबायला सांगितले आणि वीट पुढे सारली. त्यावर "म्हाताऱ्यांना राहू दे, आधी माझी पूजा कर" असे देव म्हणाला नाही. तो रागावून परतला नाही. सेवेचे चार शब्द कौतुक करून आल्या पावली निघूनही गेला नाही. तो उभा राहिला आणि आजवर उभा आहे. सेवा करणाऱ्याच्या दारात, त्याचे काम होईपर्यंत, त्याच्या सोयीने थांबलेला देव म्हणजे आपला पांडुरंग.

हे आठवण्याचे कारण असे की आज आपल्या गावोगाव पुंडलिक बसलेले आहेत. कोणाच्या घरात तोंडाच्या कर्करोगाने आजारी नवरा आहे, कोणाच्या घरात स्तनाच्या गाठीचे ऑपरेशन झालेली आई आहे, कोणाचे लेकरू रक्ताच्या कर्करोगाशी झुंजते आहे. त्या आजाऱ्याच्या उशाशी कोणीतरी बसलेले असते. बायको असते, सून असते, म्हातारा बाप असतो, कधी शाळा सोडून घरी राहिलेली मुलगी असते. आजाऱ्याची चौकशी सगळे करतात. उशाशी बसलेल्याची चौकशी करणारा क्वचितच भेटतो.

त्या माणसाचा दिवस कसा जातो, ते जरा डोळ्यांपुढे आणा. पहाटेची गाडी पकडायची, काखेत फाईल, पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली. केस पेपरची रांग, तपासणीची रांग, औषधांची रांग. डॉक्टर बोलतात ते निम्मे समजते, निम्मे समजल्यासारखे करावे लागते. घरी आल्यावर आजाऱ्याला उलट्या, तोंड आलेले, गिळता येत नाही म्हणून पातळ पेज. रात्री तो कण्हला की जाग. सकाळी पुन्हा गुरांचे शेणपाणी, मुलांची शाळा, उसनवारीचा हिशोब. आणि एवढे सगळे करून आजाऱ्यासमोर हसरे तोंड ठेवायचे. रडायचे झाले तर गोठ्यात जाऊन.

आपल्या परंपरेने हे ओझे ओळखले होते. जनाबाईंची गोष्ट घ्या. देव जनाबाईंना समाधी लावून द्यायला आला, असे आपल्या माउल्या सांगत नाहीत. तो दळू लागला, गोवऱ्या वेचू लागला, असे सांगतात. जनाबाईंच्या वाट्याला जे काम होते तेच त्याने हातात घेतले. कथा म्हणून ऐका किंवा भाव म्हणून, त्यातली शिकवण सरळ आहे. कष्टात बुडालेल्या माणसाला उपदेश नको असतो, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात हवा असतो.

ही शिकवण विटामातीत बांधून दाखवणारा माणूस आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. देबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले संत गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे, अंगावर चिंध्या. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडायची. पंढरीला ते वारीत येत ते यात्रेकरूंची वाट आणि वाळवंट झाडण्यासाठी. देवळाबाहेर उघड्यावर निजणाऱ्या गरीब वारकऱ्यांकडे त्यांचे लक्ष गेले, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहू लागल्या. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली, मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. आळंदी, देहू, नाशिक इथेही आसरे उभे राहिले. यातली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पुढे १९५२ साली या सगळ्या कामासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

वाचकहो, बाबांच्या धर्मशाळा तीर्थक्षेत्री होत्या, हे आपल्याला सहज पटते. पण मुंबईत त्यांनी धर्मशाळा बांधली ती जे. जे. रुग्णालयाजवळ. तिथे ना नदीचा घाट, ना देवळाचा कळस. मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे होती. आजाऱ्याला आत खाट मिळत होती, त्याच्याबरोबर आलेल्याला बाहेर रस्ता. बाबांच्या लेखी रुग्णालयही तीर्थ होते, आणि आजाऱ्याचा सोबती हा त्या तीर्थाचा यात्रेकरू. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषध असा त्यांचा दशसूत्री संदेश आपण भिंतींवर रंगवतो. तो त्यांनी आधी बांधून दाखवला होता. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, पण ही वाट पुढे चालत राहिली.

ही वाट परळ आणि दादरपर्यंत कशी पोहोचली, तो इतिहासही आपण जाणून घ्यावा असा आहे. १९३१ साली लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी पत्नीच्या नावाने या रोगावरील संशोधनासाठी निधी ठेवला आणि वर्षभरातच, १९३२ साली, तेही गेले. त्यांच्या मागे त्यांच्याच विश्वस्त संस्थेने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने ते ताब्यात घेतले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. श्रीमंतीत काही कमी नसलेल्या घरातही आपले माणूस हातातून निसटताना पाहण्याचे दुःख तेच असते. त्या दुःखातून पुढे लाखो गरिबांसाठी दार उघडले गेले.

पण दार उघडले तसा एक नवा प्रश्नही उभा राहिला. कर्करोगाचा उपचार चार दिवसांत संपत नाही. शेक द्यायचा, म्हणजे किरणोपचार करायचे, तर बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि असे कित्येक आठवडे जावे लागते. रोजचा शेक काही मिनिटांत आटोपतो, त्यासाठी रुग्णालयात खाट मिळत नाही. केमोचे तसेच. एक दिवस सलाईन लावायचे, मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यायचे, मध्ये रक्त तपासायचे. नांदेडच्या, गडचिरोलीच्या किंवा बिहार-बंगालच्या माणसाने रोज ये-जा कशी करावी? आणि मुंबईत भाड्याची खोली घेऊन दोन महिने राहायचे तर शेत विकावे लागेल. म्हणून परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रस्त्याच्या कडेने, पदपथावर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली संसार मांडलेले दिसू लागले. उपचार उपलब्ध आणि निवारा नाही, अशी ही अडचण. निवारा नसला की उपचार अर्धवट सुटतो, आणि अर्धवट सुटलेल्या उपचाराची किंमत जिवाने मोजावी लागते.

या अडचणीला समाजाने हळूहळू उत्तर दिले. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा झाली आणि टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण व त्यांचे सोबती देशभरातून येऊन तिथे राहू लागले. बाबांनी वारकऱ्यांसाठी सुरू केलेली धर्मशाळा अशी कर्करुग्णाच्या सोबत्यापर्यंत आली. परळला नाना पालकर यांच्या स्मृतीसाठी १९६८ साली समिती स्थापन झाली आणि तिच्या रुग्णसेवा सदनातही रुग्ण आणि नातेवाईक यांची सोय होते. त्याआधी १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली होती. २००६ पासून सेंट ज्यूड या संस्थेची घरे सुरू झाली. तिथे कर्करोगाने आजारी लेकरू आईबापासह राहते, एका छपराखाली अनेक कुटुंबे एकत्र स्वयंपाक करतात. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला त्यांच्यासाठी १९८६ साली वांद्र्याला शांती आवेदना सदन निघाले. पुण्यात वारजे इथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तिथे आजाऱ्याबरोबर घरचे माणूस राहते आणि त्याला शुश्रूषा शिकवली जाते. रेल्वेसुद्धा कर्करुग्णाबरोबर त्याच्या एका सोबत्याला भाड्यात सवलत देते. सोबती हाही उपचाराचा भाग आहे, ही गोष्ट अशी थोडी थोडी करून मान्य झाली.

अशा धर्मशाळांत छपरापेक्षाही मोठे काहीतरी मिळते. विदर्भातली बाई आणि बंगालची बाई एका नळावर भांडी घासतात. भाषा कळत नाही, पण डोक्यावर केस उगवू लागलेले मूल दाखवून एक दुसरीला धीर देते. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, केमोनंतर तोंडाला चव नसताना काय भरवावे, कोणत्या योजनेतून पैसे मिळतील, हे ज्ञान तिथे पंगतीतल्या वाढपासारखे पुढे पुढे सरकते. हीही एक दिंडीच आहे. एकटा चालणारा वाटेत बसतो, दिंडीत चालणारा पंढरी गाठतो, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

पण माउली, शहरातली धर्मशाळा दोन महिने सांभाळेल. पुढे काय? आजारी माणूस शेवटी आपल्या गावी, आपल्या घरी परत येतो. आणि खरी कसोटी तिथे लागते. पहिल्या आठवड्यात घर भेटायला येणाऱ्यांनी भरून जाते. प्रत्येक जण एक औषध सांगतो, एक बुवा सुचवतो. कोणी दबक्या आवाजात पूर्वजन्मीचे कर्म काढतो. कोणी पेला वेगळा ठेवतो. कर्करोग शिवल्याने किंवा जवळ बसल्याने होत नाही, हे माहीत असूनही मन कचरते. ज्या संप्रदायाने चोखोबांना हृदयाशी धरले, त्या संप्रदायाच्या माणसाने आजाऱ्याच्या घरी पाणी पिताना विचार करावा, हे शोभत नाही. महिनाभराने वर्दळ थांबते. मग घरात आजारी असतो, उशाशी बसलेले माणूस असते, आणि भिंतीवरचे घड्याळ.

आपण अशा माणसाला "तू तर साक्षात पुंडलिक आहेस" म्हणतो. म्हणावेच. पण एवढे म्हणून आपण उठतो आणि चपला पायात घालतो. कौतुकाने तिची रात्रीची झोप भरून निघत नाही. उलट कधी कधी कौतुकच गळ्याला फास होते, कारण देवीसारखी पूजलेली सून "मी थकले" असे म्हणू शकत नाही. पुंडलिकाची पूजा करायची आणि पांडुरंगासारखे उभे मात्र राहायचे नाही, ही अर्धी भक्ती झाली.

मग उभे राहायचे म्हणजे काय करायचे? याचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जायची गरज नाही. आपल्या अखंड हरिनाम सप्ताहात विणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र कोणीतरी विणा गळ्यात घेऊन उभा असतो. फळ्यावर पहारेकऱ्यांची नावे आणि वेळा लिहिलेल्या असतात. रात्री दोनचा पहारा ज्याचा असेल तो थंडीत कांबळे लपेटून येतो, आधीच्या विणेकऱ्याच्या पाया पडतो आणि विणा आपल्या गळ्यात घेतो. सात दिवसांचे तास होतात १६८. एकेकाने दोन तास धरले तर ८४ पहारे. एका माणसाने १६८ तास विणा धरावा, असे कोणत्याही गावाने कधी म्हटले नाही. म्हणूनच तो अखंड राहतो.

आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेले माणूस? ते १६८ तास एकटेच उभे असते. एक सप्ताह नव्हे, असे कित्येक सप्ताह.

ज्या गावाला ८४ पहारे लावता येतात, त्या गावाला आठवड्यातून चार पहारे या घरासाठी लावता येणार नाहीत का? चार पहारे म्हणजे आठ तास. तेवढ्यात त्या माउलीची दोन दुपारची झोप होईल, एक हरिपाठ देवळात बसून म्हणता येईल, एकदा माहेरी बोलता येईल. एकाने आजाऱ्याजवळ बसावे, एकाने रुग्णालयाच्या खेपेला बरोबर जावे, एकाने रात्रीची पाणीपाळी धरावी, एकीने दोन वेळची भाकरी पोचवावी, कागदपत्रे समजणाऱ्या एखाद्या पोराने सरकारी योजनेची फाईल पुरी करावी. "काही लागले तर सांगा" असे म्हणू नये, कारण ते कोणी सांगत नाही. "मंगळवारी दुपारी दोन ते चार मी येतो" असे म्हणावे, आणि यावे. पहाऱ्याची वेळ जशी चुकवत नाही, तशी.

हे होऊ शकते, याचा दाखला केरळात आहे. १९९३ साली कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे त्यांच्या लक्षात आले की डॉक्टर प्रत्येक घरी पोचू शकत नाहीत, पण शेजारी तर आधीच तिथे असतात. म्हणून गावातल्या साध्या माणसांना थोडे शिक्षण देऊन घरोघरी पाठवण्याची चळवळ मलप्पुरम जिल्ह्यात आणि आसपास उभी राहिली. लोकांनी थोडे थोडे पैसे जमवले, नर्स बाईंची फेरी सुरू केली, आजाऱ्याच्या घरच्यांना अंथरुणातल्या जखमा कशा टाळाव्यात, कूस कशी बदलावी हे शिकवले. २००८ साली तिथल्या सरकारने यासाठी धोरणच केले. त्यांच्याकडे आपल्यासारखे फड नव्हते, दिंड्या नव्हत्या, विणेकरी नव्हते. आपल्याकडे हे सगळे पिढ्यानपिढ्या आहे. हैबतबाबांनी लावून दिलेली शिस्त आजही लाखो माणसांना आळंदीहून पंढरपूरला सांभाळून नेते. तीच शिस्त एका आळीतले एक घर सांभाळायला पुरेशी आहे.

आता एक शब्द त्यांच्यासाठी, जे हे वाचतानाही आजाऱ्याच्या उशाशी बसले असतील. तुमची वारी चुकली म्हणून तुम्ही मनात झुरत असाल. गळ्यात माळ आहे, कित्येक वर्षांचा नेम आहे, आणि यंदा पालखी दारावरून गेली तरी तुम्हाला उंबरा ओलांडता आला नाही. पुंडलिकाला आठवा. तो कुठेही गेला नाही. तो जागेवरून उठलासुद्धा नाही. तुमचा नेम मोडलेला नाही. आणि थकवा आला, चिडचिड झाली, कधी "सुटलो तर बरे" असा विचार मनात चमकून गेला, तर त्याला पाप समजू नका. तो थकलेल्या देहाचा धर्म आहे. कोणी पहारा घ्यायला आला तर संकोच करू नका. विणा दुसऱ्याच्या गळ्यात देणारा विणेकरी कमी प्रतीचा ठरत नाही.

आणि बाकीच्या आपण सर्वांनी एवढे लक्षात ठेवावे की आजारी माणूस गेला तरी पहारा संपत नाही. तेराव्यानंतर मांडव निघतो, पाहुणे जातात. ज्या हातांना महिनोन्महिने एकच काम होते ते हात रिकामे होतात, रात्री अजूनही कण्हण्याचा भास होऊन जाग येते. त्या दिवसांत कोणी काकड्याला हाक मारली, "चला, बरोबर जाऊ" म्हणाले, तर ते माणूस पुन्हा चालू लागते.

यंदाच्या सप्ताहात फळ्यावर पहाऱ्यांची यादी लिहाल, तेव्हा तिच्याखाली थोडी जागा मोकळी सोडा. आपल्या गावात आज कोणाच्या घरी पुंडलिक बसला आहे, त्या घराचे पहारे तिथे लिहा, आणि पहिल्या ओळीत स्वतःचे नाव घाला.

रामकृष्ण हरी.